अपेक्षित निष्कर्ष आला नाही

१९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या शिक्षकाने आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली. आठवड्याभराने प्रत्येकाच्या हातात त्याचं म्हणून एक व्यक्तिचित्रण ठेवलं आणि ते स्वतःशी कितपत जुळतं, याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.३च्या घरात गेली. मग फोररने त्यातलं पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं आणि विचारलं, असं काही कोणाकोणाच्या कागदावर आहे? सगळे हात वर झाले आणि वर्गात हशा पिकला. मजकूर सगळ्यांना एकच दिला होता, आणि त्यातली बरीचशी वाक्यं ज्योतिषाच्या एका बाजारू पुस्तकातून उचललेली होती.

मला त्या वर्गाचा हेवा वाटतो. एका तासात त्या मुलांच्या हाती जे लागलं, ते अनेकांना पदवीचं भेंडोळं हातात पडेपर्यंत लागत नाही. मनाबद्दलचं एखादं विधान पटणं ही एक गोष्ट झाली आणि ते खरं असणं ही दुसरी. त्यातून विधान आपल्याच स्वभावाबद्दल असेल, तर आपली साक्ष सगळ्यात कच्ची. मानसशास्त्राची पदवी कशासाठी, असं मला कोणी विचारलं तर मी याच तासाकडे बोट दाखवीन. मनाविषयी रोज कानावर आदळणाऱ्या दाव्यांचं काय करायचं, हे या पदवीने शिकवावं. बाकीचं सगळं त्यानंतर.

हे म्हणायला सोपं आहे, कारण त्याला उघड विरोध कोणी करत नाही. प्रत्यक्षात मात्र ही पदवी दोन बाजूंनी ओढली जाते. एक बाजू म्हणते, संख्याशास्त्र कमी करा, मुलं घाबरतात. दुसरी म्हणते, उपयोगाचं काही शिकवा, समुपदेशनाची कौशल्यं द्या, लोकांना मानसिक आधाराची गरज आहे. दोन्ही मागण्या सद्हेतूने केल्या जातात आणि माझ्या मते दोन्ही चुकीच्या आहेत.

आधी येणाऱ्या मुलांकडे पाहू. ‘मानसशास्त्र घेतलंय’ असं म्हटलं की समोरचा एक तर जरा मागे सरकतो, ‘आता माझं मन वाचणार वाटतं!’, नाही तर खुर्ची पुढे ओढून घरातली गाऱ्हाणी सांगू लागतो. मुलंसुद्धा काहीशी याच अपेक्षेने आलेली असतात. कोणाला स्वतःच्या घालमेलीचं उत्तर हवं असतं, कोणाला दुसऱ्यांना मदत करायची असते, कोणाला गुन्हेगारांच्या डोक्यात शिरायचं असतं. यात गैर काहीच नाही. मग थोड्याच दिवसांत प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) येतं, सहसंबंध गुणक (दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात त्याचं माप) येतो, आणि चेहरे उतरतात. ‘आम्ही माणसं समजून घ्यायला आलो होतो, हे आकडे कुठून आले?’ ही तक्रार मी विद्यार्थिनी असताना केली होती आणि आता शिकवताना दर वर्षी ऐकते.

तर आकडे कुठून आले ते सांगते. चार वर्षांच्या मुलापुढे एक गोड गोळी ठेवायची आणि सांगायचं, मी परत येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन मिळतील. वॉल्टर मिशेल यांच्या या प्रयोगाची गोष्ट आता पालकांच्या सभांमधून सांगितली जाते: जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात यशस्वी झाली, म्हणून मुलांना थांबायला शिकवा. गोष्ट सुरेख आहे आणि पटतेही. २०१८ साली वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती घेऊन हाच संबंध पुन्हा तपासला. तो सापडला, पण मूळच्या जेमतेम निम्म्या ताकदीचा. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण, मुलाची आधीची बौद्धिक क्षमता हे हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन-तृतीयांश भाग गळून पडला. म्हणजे गोळीपुढे बसलेलं मूल एकटं बसलेलं नव्हतं, त्याच्या मागे अख्खं घर उभं होतं. हे घर दिसलं कशाने? त्याच रुक्ष, नावडत्या संख्याशास्त्राने. सहसंबंध आणि कारण यांतला फरक न कळणारा माणूस या गोष्टीवरून मुलाच्या स्वभावाला दोष देईल आणि आपण शास्त्रीय बोललो असं समजून घरी जाईल. म्हणून मी मुलांना सांगते, माणसं त्या आकड्यांतच आहेत.

आता पाठ्यपुस्तकांकडे वळू, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

सामाजिक मानसशास्त्र शिकलेल्या कोणालाही किटी जेनोव्हीज हे नाव विचारा. मार्च १९६४, न्यूयॉर्क, रात्रीची वेळ, एका तरुणीचा खून, आणि खिडक्यांतून ते पाहणारे ३८ साक्षीदार, ज्यांच्यातल्या एकानेही पोलिसांना कळवलं नाही. वर्तमानपत्रातल्या बातमीतून आलेली ही कथा पिढ्यान्‌पिढ्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर बसली. २००७ साली मॅनिंग, लेव्हाइन आणि कॉलिन्स या तीन अभ्यासकांनी उपलब्ध पुरावा तपासला. अडतीस जण खिडकीत उभे राहून शेवटपर्यंत पाहत होते, याला आधार सापडला नाही. दुसरा हल्ला इमारतीच्या आत, जिन्यापाशी झाला होता; तो बहुतेकांना दिसणं शक्यच नव्हतं. एक शेजारीण तर धावत खाली गेली होती आणि मदत येईपर्यंत तिला धरून बसली होती. ती बाई गोष्टीत कधीच नव्हती, कारण ती असती तर गोष्ट उभीच राहिली नसती.

या घटनेने अस्वस्थ होऊन डार्ली आणि लाताने यांनी १९६८ साली केलेला प्रयोग मात्र खरा आहे आणि चांगलाही आहे. शेजारच्या खोलीतल्या माणसाला झटका आलाय असं ऐकू येत असताना, ते ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के जण तो थांबण्याआधी मदतीसाठी उठले. आणखी चार जण ऐकत आहेत असं वाटलं तेव्हा फक्त ३१ टक्के. जबाबदारी वाटली गेली की पातळ होते, हा निष्कर्ष त्यातून आला. पण तिथे थांबून चालत नाही. रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी तीन देशांतल्या शहरांमधल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपलेली २१९ भांडणं पाहिली. त्यांपैकी सुमारे ९१ टक्के प्रसंगांत निदान एक तरी बघ्या मध्ये पडलेला होता, आणि माणसं जितकी जास्त तितकी कोणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त होती. आता या दोन्ही गोष्टी एकत्र कशा खऱ्या असतील? एकेका माणसाची शक्यता कमी होते, पण माणसंच वाढली की ‘कोणीतरी’ सापडण्याची शक्यता वाढते. शिवाय बंद खोलीत दुसरे काय करताहेत ते दिसत नाही, रस्त्यावर दिसतं. हा विचार विद्यार्थ्याने वर्गात बसून, डोकं खाजवत करायला हवा. त्याऐवजी त्याला मिळतो तो पाच गुणांचा प्रश्न: ‘बघ्यांचा परिणाम उदाहरणासह स्पष्ट करा.’ उदाहरण कोणतं? तेच, अडतीस साक्षीदारांचं.

तुरुंगाचा प्रयोगही तसाच. ऑगस्ट १९७१मध्ये स्टॅनफर्डमध्ये फिलिप झिंबार्डो यांनी विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी केलं, दोन आठवड्यांचा बेत सहा दिवसांत गुंडाळावा लागला, आणि धडा निघाला की परिस्थिती कोणालाही राक्षस बनवते. पुढे जुन्या ध्वनिफिती ऐकल्या गेल्या तेव्हा कळलं की पहारेकऱ्यांना कडक वागण्याचा आग्रह केला जात होता. तो आग्रह करणारा ‘तुरुंगाधिकारी’ स्वतः पदवीचाच विद्यार्थी होता. मला हा तपशील मूळ धड्यापेक्षा जास्त शिकवणारा वाटतो.

हे सुटे किस्से म्हणून सोडून देता आले असते. पण २०१५ साली शेकडो संशोधकांनी मिळून प्रतिष्ठित नियतकालिकांतले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निष्कर्ष सांख्यिकीयदृष्ट्या सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा येऊ नयेत असे, होते; पुन्हा केल्यावर तसे निघाले ३६ टक्के. परिणामाचा आकारही सरासरीने निम्म्यावर आला. ज्या शास्त्रात हे घडलं, त्या शास्त्राच्या पहिल्याच पदवीत ते मध्यभागी असायला हवं, नाही का? बऱ्याच पुस्तकांत ते एका चौकटीत, प्रकरणाच्या शेवटी असतं. असलं तर.

चूक कशी होते हे समजायला मोठं गणित लागत नाही. जिथे काहीच नाही अशा वीस ठिकाणी पाच टक्क्यांच्या कसोटीने (म्हणजे नसलेलं चुकून सापडण्याची शक्यता दर वेळी शंभरात पाच धरून) शोध घेतला, तर निदान एका ठिकाणी ‘सापडलं’ असं वाटण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. संशोधकाने ते एक ठिकाण छापलं आणि एकोणीस खणात ठेवली की शोधनिबंध तयार. २०११ साली सिमन्स, नेल्सन आणि सिमनसोन यांनी हे मुद्दाम करून दाखवलं. सोयीचे नमुने, सोयीची तुलना, सोयीचे चल (मोजायच्या गोष्टी) घेऊन त्यांनी ‘सिद्ध’ केलं की एक विशिष्ट गाणं ऐकल्याने माणसाचं वय जवळपास दीड वर्षाने कमी होतं. त्यांना तसं वाटत होतं म्हणून नव्हे. त्या काळच्या रूढ पद्धतींत राहून इतका धडधडीत मूर्खपणाही सार्थ ठरवता येतो, एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

इथे मला स्वतःची एक गोष्ट कबूल करायची आहे. पदवीला असताना आम्हाला स्मरणाचा एक प्रयोग होता. बारा शब्दांची यादी एकेक करून दाखवायची आणि मग आठवतील तितके शब्द लिहायला सांगायचे. सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द जास्त आठवतात, मधले गळतात, असा आलेख यायला हवा. तो कसा यायला हवा ते आधीच पुस्तिकेत छापलेलं होतं. माझी मैत्रीण माझी प्रयोज्य, म्हणजे जिच्यावर प्रयोग करायचा ती, होती. तिला सातवा शब्द अगदी पहिल्यांदा आठवला. यादी मी घाईत केली होती: खुर्ची, कपाट, आरसा, असं सगळं घरातलं सामान, आणि मध्येच ‘बेडूक’. बेडूक आला तशी ती खुदकन हसली होती. माझा आलेख मध्येच उंटाच्या पाठीसारखा वर आला. वही तपासायला द्यायची होती. मी बेडूक खोडला, त्या जागी शेवटचा शब्द आठवल्याचं दाखवलं आणि खाली लिहिलं: निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे आला.

पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आलं की मी खोडलेली गोष्ट हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन संशोधिकेने १९३३ साली नोंदवलेली होती. एकसारख्या वस्तूंमध्ये वेगळी पडणारी वस्तू जास्त लक्षात राहते. म्हणजे माझ्या वहीत त्या दिवशी एक खरा परिणाम आपल्या पायांनी चालत आला होता आणि मी त्याला दाराबाहेर काढलं, कारण दुसऱ्याची वाट पाहत होते. एका प्रयोज्येवरून काही सिद्ध होत नाही, हे खरं. पण एखादा प्रश्न तरी पडला असता.

हे मी एकटीने केलं असतं तर इथे लिहिलं नसतं. बाकीच्या वह्यांतही आलेख अगदी पुस्तिकेतल्यासारखे गुळगुळीत होते. प्रात्यक्षिकाचे गुण ‘बरोबर’ निष्कर्षाला मिळत असतील तर हुशार मुलगी दुसरं काय करील? पुढे मोठ्या संशोधकांनी एकोणीस निष्कर्ष खणात ठेवले, ती सवय कुठे लागली असेल, हे मला शोधत बसावं लागत नाही. आपण अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी मुलांना आकडे नीट ‘बसवायला’ शिकवतो आणि मग पंधरा वर्षांनी शास्त्रातल्या अप्रामाणिकपणावर परिसंवाद भरवतो.

यात आणखी एक विनोद आहे, तो या शास्त्राने स्वतःवरच केलेला आहे. मानवी मनाबद्दलचे कितीतरी निष्कर्ष ज्यांच्यावरून काढले गेले, ते प्रयोज्य म्हणजे याच वर्गातले विद्यार्थी. डार्ली-लाताने यांच्या प्रयोगातले प्रयोज्य मानसशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचे विद्यार्थी होते, आणि प्रयोगात भाग घेणं हा त्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग होता. जेफ्री आर्नेट यांनी २००८ साली प्रमुख अमेरिकी नियतकालिकं तपासली तेव्हा ९६ टक्के नमुने पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले. त्या देशांत जगाची १२ टक्के लोकसंख्या राहते. सामाजिक मानसशास्त्राच्या एका आघाडीच्या नियतकालिकात तर अमेरिकी नमुन्यांपैकी दोन-तृतीयांश नमुन्यांत मानसशास्त्र शिकणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांखेरीज कोणीच नव्हतं. पुस्तकात ‘माणूस’ असं लिहिलेलं असतं तिथे अनेकदा ‘आमच्या वर्गातली मुलं’ असं वाचावं लागतं. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला हे सांगितलं तर त्याला पुस्तकाशी एकदम बरोबरीने बोलता येईल असं मला वाटतं.

यावर माझ्या एका सहकाऱ्याचा आक्षेप आहे आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. तो म्हणतो, पहिल्याच वर्षी हे डळमळीत, ते खोटं, असं सांगत सुटलीस तर मुलं म्हणतील सगळंच थोतांड आहे, आणि त्यांच्या हातात फक्त तुच्छता उरेल. हा धोका खरा आहे. मी तो पाहिलाय. काही मुलांना ‘हे पुन्हा करून पाहिलं तेव्हा टिकलं नाही’ हे वाक्य फेकून मारायला फार आवडतं. त्यावर माझं उत्तर असं की जे टिकलं तेही तितक्याच तपशिलाने शिकवायला हवं. हेर्मान एबिंगहाउस याने एकट्याने, स्वतःवरच, निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करत विस्मरणाचा आलेख काढला आणि १८८५ साली छापला. प्रयोज्य एकच, तोही स्वतः प्रयोगकर्ता. आजच्या कोणत्याही नियमाने हा प्रयोग नापास व्हावा. २०१५ साली मुरे आणि ड्रॉस यांनी तो सुमारे ७० तास खर्चून पुन्हा केला आणि आलेख जवळजवळ तसाच आला. एक का टिकला आणि दुसरा का नाही, हा प्रश्न तुच्छतेने सुटत नाही. त्यासाठी प्रयोगाची रचना बघावी लागते, मोजमाप किती वेळा झालं ते बघावं लागतं.

टिकलेल्या गोष्टींत अभ्यास कसा करावा याबद्दलचं ज्ञानही आहे, आणि इथे तर आमच्या क्षेत्राने लाजायला हवं. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली दाखवलं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे असतात, पण आठवड्याने स्वतःची चाचणी घेणारे त्यांना मागे टाकतात. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दहा पद्धती पारखल्या. फिरून वाचणं आणि रंगीत पेनाने अधोरेखन करणं तळाशी गेलं, स्वतःला प्रश्न विचारणं आणि अभ्यास दिवसांवर पसरवणं वर आलं. हे आम्ही मुलांना सांगतो. कसं? पाठ करून परीक्षेत लिहायच्या टिपेत, जी ती आदल्या रात्री पिवळ्या पेनाने रंगवतात.

राहिली समुपदेशनाची मागणी. पहिल्या पदवीवर कोणी उपचार करू लागावं, असं जवळजवळ कोणतीच व्यवस्था मानत नाही. त्यासाठी पुढचं शिक्षण लागतं आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली केलेलं काम लागतं. ऐकून घ्यायला शिकवा, जरूर शिकवा, ते सगळ्याच शाखांना शिकवा. पण पदवीच्या वर्गात उपचाराचं अर्धकच्चं तंत्र देण्यात धोका आहे. मनोविकारांचं प्रकरण सुरू झालं की मुलांना पहिल्या आठवड्यात सगळे विकार स्वतःत दिसतात आणि दुसऱ्या आठवड्यात मित्रांत. वर्णनं इतकी ऐसपैस असतात की कोणालाही बसावीत. म्हणजे पुन्हा फोररचाच कागद. ज्याने तो कागद हातात धरून एकदा हसून घेतलेलं नाही, त्याच्या तोंडी निदानाचे शब्द गेले की तो रुसलेल्या मैत्रिणीलाही रोगाचं नाव देतो. जग सध्या असल्या नावांनी गजबजलेलं आहेच, त्यात पदवीधरांची भर कशाला?

मग नोकरीचं काय, हा प्रश्न येतो. बहुतेक मुलं मानसशास्त्रज्ञ होणार नाहीत. ती शाळेत, कचेरीत, जाहिरातीत, सरकारी खात्यात जातील. तिथे कोणीतरी व्यक्तिमत्त्व चाचणी विकायला येईल, कोणी सांगेल की काही मुलं डोळ्यांनी शिकतात आणि काही कानांनी, म्हणून त्यांचे वर्ग वेगळे करा. या दुसऱ्या दाव्याला पुरेसा पुरावा नाही असं पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्येच लिहून ठेवलंय, तरी तो विकला जातोच. त्या बैठकीत ‘हे कोणावर तपासलं? तुलना कशाशी केली? दुसऱ्या कोणाला हे सापडलं का?’ एवढे तीन प्रश्न विचारणारा एक जण असला, तरी त्या संस्थेचे पैसे वाचतील आणि काही मुलांचं भलं होईल. हे कौशल्य बाजारात चालत नाही असं मला कोणी सांगू नये.

या वर्षीपासून मी प्रात्यक्षिकात एक बदल केलाय. अपेक्षित आलेख मुलांना आधी दाखवत नाही. मूळ नोंदींचा कागद, खाडाखोडीसकट, वहीला टाचायचा, आणि निम्मे गुण त्या कागदाला. पहिल्या आठवड्यात गोंधळ झाला, दोघी-तिघींनी विचारलं की उत्तर काय यायला हवं ते तरी सांगा. काल वह्या तपासत होते. एका मुलाने आलेखाखाली लिहिलंय: ‘निष्कर्ष पुस्तकाप्रमाणे आला नाही. प्रयोज्याला नववा शब्द सगळ्यात आधी आठवला. का ते माहीत नाही, पण तो शब्द बोलताना माझा आवाज घोगरा झाला होता. पुढच्या वेळी शब्द रेकॉर्ड करून ऐकवावेत काय?’